दुप्पट करून ३० मिळवू नका, ताप मोजताना तर नकोच

सांगलीत आमच्या गल्लीच्या ग्रुपवर गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: सेल्सिअसची दुप्पट करा, ३० मिळवा, झालं फॅरनहाइट, आणि हे कुठंही चालतं. ताप किती अंशांनी उतरला तेही असंच काढायचं. वर आणखी, ४० अंशांची हवा २० अंशांच्या दुप्पट गरम असते. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

परवा रात्री शेजारच्या वहिनींचा फोन आला. पोराला ताप, नव्या डिजिटल थर्मामीटरवर ३७.८. मेसेजप्रमाणे हिशेब केला तर १०५.६ आले, त्या रडकुंडीला आल्या होत्या. खरा आकडा १०० होता. कणकणच म्हणायची. पण मला भीती वाटते ती उलट्या हिशेबाची. घरातल्या जुन्या काचेच्या थर्मामीटरवर १०४ दिसले आणि कुणी ३० वजा करून निम्मे केले, तर ३७ येतात! म्हणजे ताप नाहीच, असं समजून घरचे झोपी जातील. प्रत्यक्षात १०४ म्हणजे ४० सेल्सिअस.

असं का होतं? पाणी गोठण्यापासून उकळेपर्यंत सेल्सिअसचे १०० भाग, फॅरनहाइटचे ३२ ते २१२ असे १८०. म्हणून गुणायचं १.८ ने आणि मिळवायचे ३२. मेसेजवाल्यानं १.८ चे २ केले, ३२ चे ३०. या दोन चुका एकमेकींना फक्त १० अंशांवर खोडतात. तिथून पुढं दर ५ अंशांना १ फॅरनहाइटची चूक वाढत जाते. थंड देशातल्या हवेला हे चालून जाईल, १५ ला ६० येतात, खरे ५९. आपल्याकडच्या एप्रिलात ४० ला ११० येतात, खरे १०४.

गुऱ्हाळावर तर मालच जाईल. साधारण ११८ सेल्सिअसच्या आसपास काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, उतरवतात. मुरलेला गुळव्या पाक पाण्यात टाकून गोळी बघतो, त्याला आकडा लागत नाही. पण नवखा माणूस फॅरनहाइटचा थर्मामीटर घेऊन मेसेजच्या हिशेबानं २६६ ची वाट बघत बसला, तर पाक १३० सेल्सिअसला जाऊन करपेल. उतरवायचा होता २४४ ला.

ताप उतरण्याचा हिशेब वेगळा. ३९ चा ३८ झाला तर उतार १ सेल्सिअसचा, म्हणजे १.८ फॅरनहाइटचा. इथं ३२ किंवा ३० मिळवायचे नाहीत. ते आकडे पट्टीची सुरुवात जुळवण्यासाठी असतात, आणि दोन तापमानांच्या फरकात ती सुरुवात आपोआप वजा होते.

राहिलं दुप्पट ऊन. २० आणि ४० हेच फॅरनहाइटमध्ये ६८ आणि १०४ होतात, मग दुप्पट कुठं राहिली? खऱ्या शून्यापासून, म्हणजे उणे २७३.१५ सेल्सिअसपासून मोजलं तर २९३ आणि ३१३ केल्विन. वाढ जेमतेम ७ टक्के.

तोंडी करायचंच असेल तर दुप्पट करा, त्या दुपटीचा दहावा भाग वजा करा, मग ३२ मिळवा. ३८ चे ७६, त्यातून ७.६ गेले, ६८.४ उरले, अधिक ३२, बरोबर १००.४. वहिनींच्या थर्मामीटरच्या डबीवर मी चिठ्ठी चिकटवून आलोय: ३७ म्हणजे ९८.६, ३८ म्हणजे १००.४, ३९ म्हणजे १०२.२, ४० म्हणजे १०४.