दाजी, लेकरू मांडीवर सुरक्षित नसतं

"दोन टनांची जड गाडी धक्का स्वतःच खाते, तिच्यात सीटबेल्टची गरज नाही. जड गाडीला ब्रेकही लवकर लागतो. आणि लेकराला आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा नाही." खाली ठळक अक्षरात 'न्यूटनचा नियम'. हा मेसेज आमच्या दाजींनी फॅमिली ग्रुपवर टाकला. परवा ताई मोहोळहून सोलापूरला आली ती पुढच्या सीटवर, दीड वर्षाचा भाचा मांडीवर. आता गप्प बसवत नाही.

मांडीचं आधी. न्यूटनचा नियम नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात आहे: बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 14 मीटर. गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दर सेकंदाला 140 मीटर प्रति सेकंद या दरानं वेग तुटतो. भाचा 10 किलोचा. 10 गुणिले 140, झाले 1400 न्यूटन. म्हणजे साधारण 140 किलोचं ओझं, सिमेंटची जवळपास तीन पोती, एका झटक्यात हातावर. ताई म्हणते, "अरे, मी आई आहे, सोडीन का त्याला?" तू सोडणार नाहीस गं, तो हातातून सुटेल. तुला बेल्ट नसेल तर तुझं अख्खं अंग मागून त्याच्यावर, आणि पुढं डॅशबोर्ड. एअरबॅग उघडली तर तीही आधी त्यालाच लागणार.

जड गाडीचं अर्धं खरं आहे, मान्य. हलक्या गाडीशी टक्कर झाली तर दोघींवर बल सारखंच, पण जड गाडीचा वेग कमी बदलतो. पण हंगामात आपल्या रस्त्यावर अंधारात उभी असते ती उसानं भरलेली ट्रॉली. तिच्यापुढं दोन टन म्हणजे काय? आणि गाडी धक्का खाते म्हणावं, तर आतला माणूस बेल्टशिवाय आधीच्याच वेगानं पुढं जात राहतो. त्याला थांबवते ती काच.

ब्रेकचं तर सरळ चूक. वजनानं टायरची पकड वाढते, पण थांबवायचं वस्तुमानही तेवढंच वाढतं. फायदा शून्य.

कायद्यानंही 14 वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांची सीट लागतेच, नाहीतर 1000 रुपये दंड.

दाजी, तो मेसेज ग्रुपवरून काढा. भाच्यासाठी सीट मी रविवारी घेऊन येतो, मागच्या सीटवर बसवू. ती बसेपर्यंत ताईला एसटीनं पाठवा.