सही न करणं हीसुद्धा सहीच

परवा आत्याने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला: "अमेरिकेत जमिनीखालचं तेल मालकाचं! तुमच्या सहीशिवाय कंपनी थेंबही काढू शकत नाही. अडून बसा, कोट्यधीश व्हा. शेजारच्या विहिरीने तुमचं तेल ओढलं तर चोरीचा खटला भरा." एरवी असलं काही मी न वाचताच पुसतो. पण आत्याची लेक ओक्लाहोमात राहते आणि हे वाचून तिने खनिजहक्काबद्दल आलेलं जाडजूड पाकीट फ्रिजवर पिझ्झाच्या कूपनांखाली सारून दिलं.

पहिलं वाक्य अर्धं खरं, मान्य. तिथे खनिजं खाजगी मालकीची असतात, पण नेहमी घरमालकाचीच असं नाही. हे हक्क जमिनीपासून वेगळे विकता येतात.

सहीचं मात्र साफ खोटं. ओक्लाहोमा कायद्याच्या 52व्या शीर्षकातलं कलम 87.1 वाचा. मालकांचं जमत नसेल तर विहीर खणू पाहणारा कॉर्पोरेशन कमिशनकडे (तिथल्या तेल-वायूवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे) अर्ज करतो, सुनावणी होते आणि कमिशन सगळ्यांचे हिस्से सक्तीने एकत्र करतं. हेच ते फोर्स्ड पूलिंग. हुकमात पर्याय दिलेले असतात: खर्चात वाटा उचला, नाहीतर रोख बोनस आणि रॉयल्टी (निघालेल्या तेलातला ठरलेला वाटा) घ्या. कळवायला बहुतेक हुकमांत 20 दिवस. कळवलं नाही तर हुकमातच ठरवलेला पर्याय तुमच्या नावावर लागतो. आता बसा अडून!

कोट्यधीश? युनिट, म्हणजे असा एकत्र केलेला पट्टा, 640 एकरांचं, तुमचा प्लॉट पाव एकर, रॉयल्टी एक अष्टमांश धरा. लाख डॉलरच्या तेलामागे हाती येतात 4 डॉलर 88 सेंट. त्यात पिझ्झाही येत नाही.

चोरीचं म्हणाल तर टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्येच सांगितलंय की फ्रॅकिंगच्या (दाबाने खडक फोडून तेल-वायू काढण्याच्या) भेगा शेजाऱ्याच्या हद्दीत गेल्या आणि तिथला वायू या विहिरीत आला, तरी त्याची भरपाई मागता येत नाही. ज्याच्या विहिरीतून निघाला, त्याचा. (टेक्सासात सक्तीचं पूलिंग मिळवणं फार अवघड. राज्यागणिक कायदा वेगळा, हेच फॉरवर्डवाल्याला माहीत नसावं.)

रात्री बहिणीला फोन लावून पाकीट उघडायला लावलं. आत कमिशनचा हुकूमच होता. म्हणाली, "अरे, कालच तर आलंय." म्हटलं, आलं कधी ते सोड, हुकमावरची तारीख वाच, दिवस तिथून मोजतात. बारावा दिवस होता. सकाळी वकिलाला गाठते म्हणाली.