अराजक करायचंय? आधी पावतीपुस्तक घ्या

तुम्हाला नोकरीचा कंटाळा आलाय, साहेबाचं तोंड बघवत नाही आणि गिटारवर तीन कॉर्ड्स येतात. म्हणजे पंक, म्हणजे व्यवस्थेवर ओरडणाऱ्या वेगवान, कर्कश रॉकचा बँड काढून दौऱ्यावर निघायची सगळी पात्रता तुमच्यात आहे. तिसरी कॉर्ड नसली तरी चालेल. पहिल्या दोन अटींत मात्र सवलत नाही.

आदर्श म्हणून हेन्री रॉलिन्सकडे बघा. १९८१ साली हा विशीतला मुलगा वॉशिंग्टनमध्ये हागेन-डाझच्या आइस्क्रीमच्या दुकानात मॅनेजर होता. पगार ठरलेला, उन्हाळ्यात गारवा फुकट. कॅलिफोर्नियाच्या ब्लॅक फ्लॅग या बँडला गायक हवा होता. यानं नोकरीवर लाथ मारली आणि त्यांच्या व्हॅनमध्ये जाऊन बसला. पुढची पाच वर्षं प्रेक्षकांनी त्याच्यावर थुंकून, त्याला ठोसे लगावून आणि पेटत्या सिगारेटी अंगाला टेकवून रसिकता दाखवली. तो ते सगळं वहीत लिहून ठेवायचा. १९९४ साली त्या डायऱ्या छापल्या गेल्या, त्यानं त्या स्वतःच्या आवाजात वाचल्या आणि त्या वाचनाला ग्रॅमी मिळालं. ब्लॅक फ्लॅगच्या गाण्यांना मिळालं नाही, गाऱ्हाण्यांना मिळालं. तेव्हा खरेदीच्या यादीत पहिली वस्तू गिटार नव्हे, वही.

दुसरी वस्तू व्हॅन. अमेरिकेत परंपरेनं फोर्ड इकॉनोलाइन घेतात. नवी घेऊ नका, लोक हसतील. मागच्या सीट काढून टाका आणि प्लायवूडचा एक माळा ठोका. खाली ड्रम, ॲम्प्लिफायर आणि टी-शर्टचे खोके, वर माणसं. बासवाल्याचा आठ स्पीकरचा कपाट-स्पीकर साठ किलोच्या वर भरतो. तो रोज रात्री जिन्यावरून उतरवताना ज्याची कंबर पहिली धरेल, त्याला उद्यापासून गाडी चालवायला लावा. माळ्यावर झोपल्यावर छत नाकापासून वीतभर असतं आणि मधल्या वीतभरात चौघांचे मोजे वाळत असतात. खिडकी उघडावी म्हणाल, तर उघडते ती ड्रायव्हरची, आणि ती मिटत नाही.

बसायच्या जागा पहिल्याच दिवशी ठरवून टाका. हा विनोद नाही. न्यूयॉर्कच्या रमोन्स या बँडच्या व्हॅनमध्ये कोणी कुठे बसायचं हे ठरलेलं असायचं आणि गिटारवाला जॉनी रमोन शिस्तीत लष्करी शाळेच्या मास्तराला मागे टाकेल असा होता. फाटक्या जीन्स, लेदर जॅकेट, डोळ्यांवर केस, आणि गाडीत पाय ठेवला की हजेरी! १९७४ ते १९९६ या काळात त्यांनी २,२६३ कार्यक्रम केले. वर्षाला सरासरी शंभराच्या वर. इतक्या नेमानं बँकेतले कारकूनही कामावर जात नसतील, आणि कारकुनांना निदान रविवार असतो.

या व्हॅनमधला अबोला तर अभ्यासक्रमात लावावा असा आहे. गायक जोई रमोनची मैत्रीण त्याला सोडून जॉनीकडे गेली आणि पुढे तिनं जॉनीशी लग्न केलं. आपल्याकडे एवढ्यावर दोन घराण्यांची दारं पिढ्यानपिढ्या बंद होतात. इथे दोघं त्याच व्हॅनमधून दहा-बारा वर्षांहून जास्त काळ फिरले, रोज रात्री एकमेकांपासून चार पावलांवर उभे राहून वाजवत राहिले, आणि कामापलीकडे बोलले जवळजवळ नाहीतच. वर चौघांचं आडनाव एकच, तेही खोटं. तुम्ही बँड काढाल तेव्हा मित्रांनाच घ्या, असं लोक सांगतील. ऐकू नका. मित्र सहाव्या आठवड्यात गमवायचा असतो. ज्याच्याशी आधीपासूनच पटत नाही असा ड्रमर घ्या, तेवढंच एक नुकसान वाचेल.

अंतरांचा विचार नकाशा न बघता करा, नाहीतर निघणारच नाही. मिनियापोलिसला रात्री वाजवलंत आणि पुढचा कार्यक्रम सिएटलला असेल, तर मध्ये २,६०० किलोमीटर आहेत. त्यात बराचसा नॉर्थ डकोटा आणि माँटाना, म्हणजे गवत. लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क साडेचार हजार. बंडखोरीचा प्रत्यक्ष कालावधी रात्री पाऊण तास, उरलेले तेवीस तास पेट्रोल पंप, महामार्ग आणि ‘आता कोण चालवणार’ यावरची चर्चा. व्यवस्था उलथवायला निघालेल्या माणसाला सर्वात जास्त ओळख होते ती पंपावरच्या सँडविचची. खाण्याबद्दल याहून अधिक लिहीत नाही, तुम्ही ही ओळ जेवताना वाचत असाल.

आता प्रेक्षक. १९७७च्या सुमारास इंग्लंडमधल्या रसिकांनी आवडत्या बँडवर थुंकायची प्रथा पाडली. नावडत्या नव्हे, आवडत्या. स्टेजवरच्या झगझगीत दिव्यांत ती सर येताना स्पष्ट दिसायची आणि गायकाचं तोंड व्यवसायामुळे उघडंच. द क्लॅश या बँडचा गायक जो स्ट्रमर १९७८च्या सुरुवातीला काविळीनं इस्पितळात पडला, आणि तोंडात गेलेल्या अशाच एका प्रेमाच्या थेंबाचा तो प्रसाद, असं तो मानायचा. ब्लॅक फ्लॅग १९८१च्या डिसेंबरात इंग्लंडला गेले, तेव्हा थंडीबरोबर त्यांनाही हा मान मिळाला. उपाय एकच: लोकप्रिय होऊ नका. तो जमण्यासारखा आहे.

पण प्रेक्षकांपेक्षा जास्त मदत नगरपालिका करतात. १ डिसेंबर १९७६ रोजी सेक्स पिस्टल्स हा इंग्लिश बँड संध्याकाळच्या एका टीव्ही कार्यक्रमात बिल ग्रंडी या मुलाखतकाराच्या आग्रहावरून शिव्या देऊन आला. दोन दिवसांनी त्यांचा ‘अनार्की’ (म्हणजे अराजक) दौरा सुरू व्हायचा होता. वीसेक गावं ठरलेली. गावोगावच्या नगरसेवकांनी आणि थिएटरवाल्यांनी एकेक कार्यक्रम असा काही रद्द केला, की बँड आणि त्यांची बस नुसतीच देशभर हिंडत राहिली. वाजवायला मिळालं ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी. डर्बीच्या नगरसेवकांनी तर सुचवलं, आम्हाला आधी खासगीत वाजवून दाखवा, मग बघू. (नाटकाची संहिता परीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्राची वाट बघणाऱ्या आपल्या निर्मात्यांनी इथे उसासा टाकायला हरकत नाही.) पिस्टल्स गेले नाहीत. वेल्समध्ये केअरफिलीला कार्यक्रम झाला, तेव्हा थिएटरबाहेर धर्मगुरू आणि गावकरी थंडीत उभे राहून नाताळची भक्तिगीतं म्हणत होते. बाहेरचा कार्यक्रम सुरात होता, आणि फुकटही.

तेव्हा दौरा आखताना रद्द झालेल्या कार्यक्रमांसाठी वेगळा रकाना ठेवा. पुन्हा वही आली, बघा.

मुक्कामाचं सांगतो. हॉटेल हा शब्द विसरा. कार्यक्रम संपता संपता गायकानं माइकवरून विचारायचं असतं, ‘आज रात्री कोणाच्या घरी जमिनीवर जागा आहे का?’ ज्याचा हात सर्वात आधी वर जातो, त्याच्याकडे पाच मांजरं असतात आणि पहाटे चारपर्यंत त्याला स्वतःच्या बँडची कॅसेट ऐकवायची असते. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘मॅक्सिमम रॉकनरोल’ या मासिकानं १९९०च्या दशकात यासाठी चक्क एक वार्षिक डिरेक्टरी काढली. कोणत्या गावात कोण कार्यक्रम लावतं, कोण झोपायला जागा देतं, कोण जेवू घालतं, सगळं पत्ते आणि फोन नंबरांसकट. जगातल्या सगळ्या सत्तांना नकार देणाऱ्यांनी बनवलेली ही पुस्तिका एखाद्या ज्ञातिमंडळाच्या स्नेहसूचीसारखी काटेकोर होती. युरोपात गेलात तर बेकायदा ताब्यात घेतलेल्या इमारतींमध्ये गरम डाळ-भाजी आणि बंक बेड मिळतात, आणि अमेरिकन मुलं ते बघून हळवी होतात. मात्र भिंतीवर भांडी कोणी कधी घासायची याचं वेळापत्रक टांगलेलं असतं. त्यात तुमचंही नाव असतं.

संडासाबद्दल विचारू नका असं लिहिणार होतो, पण न्यूयॉर्कच्या सीबीजीबीचा उल्लेख टाळता येत नाही. बाउरी रस्त्यावरचा हा क्लब १९७३च्या डिसेंबरात उघडला आणि २००६ मध्ये बंद झाला. तिथलं प्रसाधनगृह इतकं कुप्रसिद्ध, की २०१३ साली मेट्रोपॉलिटन म्युझियमनं पंक आणि फॅशनवरच्या प्रदर्शनात त्याची हुबेहूब प्रतिकृती उभारली. ज्या संडासात बँडवाले नाक दाबून जायचे, तो बघायला लोकांनी तिकीट काढलं. अर्थात प्रतिकृतीला वास नव्हता. तुम्हाला मूळ अनुभव मिळेल.

आता पैसे. इथे जरा सावकाश वाचा, कारण बहुतेक बँड इथेच फुटतात. थुंकीनं कोणी फुटत नाही. गेटवर जमेल त्यातला हिस्सा मिळेल असं प्रमोटर सांगतो, आणि शेवटच्या गाण्याच्या वेळी त्याला घरून तातडीचा निरोप येतो. म्हणून दाराशी तुमचा स्वतःचा माणूस हवा, चिल्लर हवी, आणि गेस्ट लिस्टमध्ये कोण कोणाचा चुलतभाऊ आहे याची माहिती हवी. वॉशिंग्टनच्या फुगाझी या बँडनं १९८७ पासून पुढची पंधरा वर्षं हे ज्या पद्धतीनं केलं, त्यापुढे चार्टर्ड अकाउंटंटनं हात जोडावेत. तिकीट शक्यतो पाच डॉलर, कोणत्याही वयाच्या माणसाला प्रवेश, टी-शर्ट विकायचे नाहीत. कार्यक्रमांची व्यवस्था बँडचा गायक-गिटारवाला इयन मकाय स्वतः फोन करून बघायचा. समोर कोणी धक्काबुक्की करू लागला, तर गाणं मध्येच थांबवून त्याला नम्रपणे खडसवायचं, तरी ऐकलं नाही तर त्याचे पाच डॉलर परत द्यायचे आणि बाहेरचा रस्ता दाखवायचा. हजाराच्या वर कार्यक्रम झाले, त्यांतल्या आठशेहून अधिकांच्या टेप्स जपून ठेवल्या. आज त्या विकत ऐकता येतात, आणि सोबत बऱ्याच ठिकाणी तिकिटाचा दर आणि हजर प्रेक्षकांचा आकडाही लिहिलेला आहे. तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला हे दाखवू नका, तो राजीनामा देईल.

ब्लॅक फ्लॅगचा सूत्रधार ग्रेग गिन यानं तर आपली एसएसटी ही रेकॉर्ड कंपनी ज्या नावानं चालवली, ते नाव त्याच्या आधीच्या धंद्याचं होतं. लहानपणापासून तो हौशी रेडिओवाल्यांना लागणारी उपकरणं पोस्टानं विकायचा. पार्सल बांधणं, तिकीट चिकटवणं, पैसे आले की नोंद करणं. आणि तालीम रोज, तासन्‌तास, सुट्टी नाही. रॉलिन्सनं आइस्क्रीमच्या दुकानातून सुटका करून घेतली ती या साहेबाच्या हाताखाली यायला. तुम्हीही याल. फक्त तुमचा साहेब तुमच्याच वयाचा असेल, त्याच्या अंगावर गोंदण असेल आणि तो भविष्यनिर्वाह निधी कापणार नाही.

एका बाबतीत थट्टा बाजूला ठेवतो. कॅलिफोर्नियातल्या सॅन पेद्रोचा मिनटमेन हा बँड म्हणजे काटकसरीनं दौरे करण्यात सगळ्यांचे गुरू. सामान स्वतः उचलायचं, गाडी स्वतः हाकायची, खर्च होईल तिथे दोनदा विचार करायचा. त्यांचा गायक-गिटारवाला डी. बून २२ डिसेंबर १९८५ रोजी ॲरिझोनात व्हॅनच्या अपघातात गेला. ताप होता म्हणून तो मागे आडवा पडला होता, पट्टा नव्हता. वय २७. त्याचा लहानपणापासूनचा मित्र आणि बँडचा बास गिटारवाला माइक वॅट त्यानंतर वाजवणंच सोडणार होता; मग ओहायोहून आलेल्या एका चाहत्यानं त्याला पुन्हा उभं केलं, आणि तो पुढची कित्येक दशकं व्हॅननंच दौरे करत राहिला. मागे झोपणाऱ्यालाही पट्टा लावायला लावा. ज्याचे डोळे मिटताहेत त्याच्याकडून किल्ली काढून घ्या आणि कार्यक्रम बुडाला तर बुडू द्या.

इथवर सगळं निभावलंत, तर खरा धोका पुढे आहे: परिस्थिती सुधारण्याचा.

कॅलिफोर्नियाच्या ग्रीन डे या बँडची मुलं सुरुवातीला जुन्या फिरत्या वाचनालयाच्या गाडीतून दौरे करायची. गाडी ड्रमरच्या वडिलांनीच दुरुस्त करून दिली आणि चालवायलाही तेच बसले. (बंडखोरीत वडील ड्रायव्हर! आमच्या वेळी असे वडील मिळत नव्हते.) बर्कलीतला ९२४ गिलमन स्ट्रीट हा क्लब त्यांचं माहेर. तिथे नियम होता: मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडला मज्जाव. १९९३ साली ग्रीन डेनं करार केला, १९९४ च्या अल्बमच्या प्रती लाखांनी खपल्या, आणि ज्या दारात ते लहानाचे मोठे झाले ते बंद झालं. पुन्हा त्या स्टेजवर चढायला २०१५ साल उजाडलं, तेही आगीत नुकसान झालेल्यांच्या मदतनिधीसाठी. मधल्या काळात त्यांच्याकडे झोपायची सोय असलेली बस होती, गरम पाणी होतं आणि सामान उचलायला माणसं होती. म्हणजे या लेखातली एकही तक्रार त्यांच्याकडे उरली नव्हती, आणि गिलमनच्या नियमाप्रमाणे पंक म्हणून त्यांना उभं राहायला जागाही.

हे टाळायचं असेल, तर कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या डी.ओ.ए. या बँडचा गायक जो कीथली बघा. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून व्हॅनमधून उत्तर अमेरिका पालथी घातली, फार श्रीमंत झाला नाही, आणि २०१८ साली शेजारच्या बर्नबी शहरात नगरसेवक म्हणून निवडून आला. लांबलचक बैठका, मिनिटबुकं, खुर्चीवरून वाद, कोणी कोणाशी बोलत नाही आणि तरी काम रेटायचं. अनुभवी माणूस. शहरात एखादा बँड परवानगी मागायला आला, तर अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा हेही तो सांगू शकेल.