लेकीच्या ग्रंथातला लिटन आणि दुष्काळातला लिटन

१८७६ ते १८८० या काळात हिंदुस्थानचा व्हाइसरॉय आणि गव्हर्नर जनरल असलेल्या लॉर्ड लिटनला १८७६-७८ च्या दक्षिणेतील मोठ्या दुष्काळावरून नाहक बदनाम केले जाते, असा युक्तिवाद अलीकडे वारंवार वाचायला मिळतो. त्याचा आधार बहुतेक वेळा एकच असतो, तो म्हणजे लिटनची मुलगी लेडी बेटी बाल्फर हिने १८९९ मध्ये लिहिलेला त्याच्या कारभाराचा इतिहास आणि १९०६ मध्ये संपादित केलेली त्याची पत्रे. ही साधने टाकाऊ नाहीत. व्हाइसरॉयच्या मनात काय चालले होते हे त्यांतून चांगले कळते. मात्र वडिलांच्या कागदांवरून मुलीने लिहिलेला इतिहास ही बचावपक्षाची कैफियत असते. (त्या घराण्याची ती रीतच होती म्हणा, लिटनने आपल्या कादंबरीकार वडिलांचे चरित्र लिहायला घेतले होते आणि पुढे बंगालचा गव्हर्नर झालेल्या त्याच्या मुलानेही त्याच आजोबांचे चरित्र लिहिले.)

सरकारने धान्यव्यापारात हात घालू नये हे त्या काळचे सर्वमान्य अर्थशास्त्र होते, त्यामुळे लिटनपुढे दुसरा मार्गच नव्हता, असे सांगितले जाते. मार्ग होता आणि तो नुकताच वापरून झाला होता. १८७३-७४ च्या बिहारमधील दुष्काळात सरकारने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला आणि मृत्यू फारच थोडे झाले. ते काम पाहणाऱ्या रिचर्ड टेंपलवर उधळपट्टीचा ठपका आला. त्याच टेंपलला लिटनने जानेवारी १८७७ मध्ये काटकसरीची ताकीद देऊन दक्षिणेत पाठवले आणि मद्रासच्या गव्हर्नरने चालवलेल्या धान्यखरेदीला विरोध केला.

मदतकार्यांवर पोटापुरते मिळत होते, हे म्हणणे तर आकड्यांपुढे टिकत नाही. टेंपलने ठरवलेली मजुरी पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा अशी होती. बायकांना आणि मुलांना त्याहूनही कमी. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नव्हे. तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची, मातीच्या पाट्या वाहायच्या आणि भाव कडाडलेले असताना त्या एका आण्यात डाळ, मीठ, मिरची, सरपण भागवायचे. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी या शिध्यावर शरीर तगणार नाही असे सरकारलाच बजावले आणि काही महिन्यांत तिथे मजुरी वाढवावी लागली. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामेच सोडली, तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन सरकारकडे दुष्काळाची निवेदने धाडली.

राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करण्यासाठी भरवलेला दिल्ली दरबार आधीच ठरलेला होता, हे मान्य. पण १८७६ चा पाऊस हुकल्याचे कळलेले असताना मुंबई आणि मद्रासच्या गव्हर्नरांना १ जानेवारी १८७७ च्या समारंभासाठी दिल्लीला का बोलवावे लागले, याचे उत्तर त्या सबबीत नाही. सार्वजनिक सभेच्या वतीने गणेश वासुदेव जोशी याच दरबाराला खादी नेसून गेले होते.

फुलर प्रकरणात, म्हणजे मारहाणीनंतर सईस (घोड्यांचा नोकर) मेला तरी फुलर या गोऱ्या मालकाला नाममात्र दंडावर सोडल्याबद्दल लिटनने कडक शेरा मारला, हे खरे आहे आणि ते त्याच्या खात्यावर जमा व्हायलाच हवे. ज्याने तो शेरा मारला त्याच्याच सरकारने १४ मार्च १८७८ रोजी एका बैठकीत देशी वृत्तपत्रांचा कायदा संमत करून इंग्रजी पत्रे मोकळी ठेवली आणि देशी भाषांतील पत्रांच्या तोंडाला मुसक्या बांधल्या, हेही त्याच खात्यावर लिहावे लागते.

राहिला लिटनने दुष्काळाच्या चौकशीसाठी नेमलेल्या दुष्काळ आयोगाचा मुद्दा. दुष्काळ संहितेचा, म्हणजे दुष्काळात सरकारने काय करायचे याच्या नियमांचा, पाया त्या आयोगाने घातला, यात वाद नाही. परंतु अध्यक्ष रिचर्ड स्ट्रॅची हे लिटनचे अर्थसदस्य जॉन स्ट्रॅची यांचे सख्खे भाऊ होते, आणि जेम्स केअर्ड व सलिव्हन या दोन सदस्यांना आपले वेगळे मत नोंदवावे लागले. दुष्काळासाठी दरवर्षी दीड कोटी रुपये राखण्याचे आश्वासन देऊन नवे कर बसवले गेले. अफगाण युद्धाचा खर्च अंगावर येताच ते आश्वासन मागे पडले. एवढे असूनही त्या आयोगाने ब्रिटिश मुलखातील जादा मृत्यूंचा अंदाज ५० लाखांच्या वर दिला. तो कुणा पुणेरी टीकाकाराचा नव्हता, लिटननेच नेमलेल्या माणसांचा होता.