पाऊस आला तर दोरीवरचे कपडे काढ आणि…

आई बाहेर जाताना सांगायची, पाऊस आला तर दोरीवरचे कपडे काढ, खिडक्या लाव आणि गच्चीतले पापड आत आण. एका "तर"मध्ये तीन कामं, आणि पाऊस नाही आला तर काय करायचं हे तिने कधीच सांगितलं नाही, कारण ते सांगायचं काय? आमच्या घरी "नाहीतर" हा शब्द फक्त धमकीसाठी राखीव होता. "गपचूप अभ्यासाला बस, नाहीतर…" याच्या पुढचं वाक्य आजपर्यंत कोणी ऐकलेलं नाही.

असा मी, गेल्या महिन्यात सोसायटीचा खजिनदार झालो. झालो म्हणजे मीटिंगला उशिरा पोचलो.

सेक्रेटरी काका बँकेतून रिटायर झालेत. त्यांनी ६४ फ्लॅटची फाईल पाठवली आणि फोनवर म्हणाले, "ज्यांची थकबाकी असेल त्यांना व्याज लाव, शेऱ्यात तसं लिही आणि मेसेजचा मजकूर पण बनव. तू कॉम्प्युटरवाला, तुला काय, पाच मिनिटांचं काम." व्याज आमच्याकडे साधं, वर्षाला २१ टक्के. दर महिन्याला तीच फाईल परत साफ करत बसायला नको म्हणून म्हटलं एक्सेलमधल्या पॉवर क्वेरीतच, म्हणजे आलेली फाईल आपोआप साफ करून देणाऱ्या सोयीतच करू, एकदा लिहायचं आणि मग नुसतं रिफ्रेश. एक्सेल २०१६ पासून ती आतच येते, आधी वेगळं ॲड-इन टाकायला लागायचं. तिच्या भाषेचं नाव एम. एकच अक्षर, तिथेच सावध व्हायला हवं होतं.

सवयीने पहिला आय कॅपिटल ठेवून इफ, म्हणजे "जर", लिहिलं. लगेच "टोकन ईओएफ एक्स्पेक्टेड", म्हणजे वाक्य इथेच संपायला हवं होतं. म्हणजे चूक एका अक्षराच्या उंचीची आणि आरडाओरडा असा की जणू मी दुसऱ्याच भाषेत बोलतोय. बरं, छोटा आय. मग देनच्या, म्हणजे "तर"च्या पुढे व्याज, स्वल्पविराम, शेरा, स्वल्पविराम, मेसेज, अगदी आईच्या चालीवर. "टोकन एल्स एक्स्पेक्टेड." एल्स म्हणजे "नाहीतर". एक काम सांगून झालं की बाई लगेच विचारते, नाहीतर काय? अहो बाई, माझी दोन कामं सांगायची राहिलीत! कंस घातले, अर्धविराम टाकून बघितला, शेवटी "अँड" लिहिलं. देन व्याज बरोबर अमुक अँड शेरा बरोबर "थकबाकी", आणि एल्सच्या पुढे नल, म्हणजे काहीच नाही. खाली हिरवी टिकमार्क आली, "नो सिंटॅक्स एरर्स हॅव बीन डिटेक्टेड". मी चहा टाकायला उठलो इतका आनंद झाला.

परत आलो तर नीट पैसे भरणाऱ्या ५३ जणांपुढे नल आणि ११ थकबाकीदारांपुढे फॉल्स. म्हणजे ज्यांच्याकडून पैसे यायचेत त्यांच्या नावापुढे कॉम्प्युटरच म्हणतोय की हे खोटं आहे. यांना फक्त एवढाच पुरावा हवा होता!

बराच वेळ घालवल्यावर कळलं की तिथलं "बरोबर"चं चिन्ह काही भरत नाही, ते प्रश्न विचारतं. व्याजाचा कॉलम रिकामा, त्याला मी विचारलं तुझ्यात अमुक रुपये आहेत का, ते म्हणालं नाही, संपलं. एमला कामं सांगताच येत नाहीत हो. तिला फक्त विचारता येतं, की पाऊस आला तर उत्तर काय, आणि उत्तर एकच, नाही आला तर त्याचंही उत्तर द्यायलाच लागतं. कपडे, खिडक्या, पापड अशी तीन उत्तरं एका "तर"ला मिळत नाहीत.

मग सुचलं ते ऑफिसच्या टिफिनवरून. टिफिन एकच जातो, पण आत पोळी वेगळी, भाजी वेगळी, वरणभात वेगळा. एममध्ये याला रेकॉर्ड म्हणतात, चौकोनी कंस करायचा आणि आत व्याज, शेरा, मेसेज असे कप्पे. बाहेरून उत्तर एकच, टिफिन! आणि गंमत म्हणजे मेसेजच्या कप्प्याला शेजारच्या व्याजाच्या कप्प्यात डोकावता येतं, त्यामुळे आकडा परत काढायला नको. एका फ्लॅटचा हाताने ताळा केला, १२,००० थकीत, ४५ दिवस, व्याज ३१० रुपये ६८ पैसे, राउंड करून ३११, आणि मेसेजमध्ये पण ३११च. एल्सला पण टिफिन दिला, व्याज शून्य, शेरा "धन्यवाद". साडेअकराला पीडीएफ कमिटीच्या ग्रुपवर टाकली आणि शांत झोपलो.

सकाळी सातला काकांचा फोन. "अरे, बी विंगच्या काकू आजवर एक दिवस चुकल्या नाहीत, त्यांच्यापुढे रेकॉर्ड? कसलं रेकॉर्ड आहे त्यांचं?"

फाईल उघडली. ६४ फ्लॅट आणि ६४ वेळा चौकोनी कंसात रेकॉर्ड. कॉलमच्या डोक्यावर दोन बाणांचं बटण असतं, ते दाबलं की कप्पे सुटे होतात, तेच दाबायचं राहिलं होतं. टिफिन न उघडताच वाढून मोकळा झालो होतो.

"काका, ते नुसतं उघडायचं राहिलंय, दोन मिनिटं."

"बरं, उघड. आणि हो, भाडेकरू असतील तर मालक स्वतः राहत नाही म्हणून सर्व्हिस चार्जेसच्या दहा टक्के नॉन-ऑक्युपन्सी लाव, शेऱ्यात तसं लिही आणि मालकाला वेगळा मेसेज जाऊ दे."

"आणि काका, नाहीतर?"

"नाहीतर काय?"

"म्हणजे भाडेकरू नसतील तर काय करायचं?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग काका जरा काळजीच्याच आवाजात म्हणाले, "नसतील तर काही नाही रे बाळा."

मी एल्सच्या पुढे नल लिहिलं.