खुलासा : महाराष्ट्रातील द्राक्षे आणि वाइन यांविषयीच्या संदेशाबद्दल

'नाशिकला द्राक्ष आणि महाराष्ट्राला वाइन सर्वप्रथम सुलाचे राजीव सामंत यांनी दिली,' असा संदेश सध्या फिरत आहे. गेल्या आठवड्यात तो मीही पुढे पाठवला होता. ती चूक माझी आहे.

सामंत यांनी गंगापूर धरणाजवळच्या कुटुंबाच्या जमिनीवर 1997 मध्ये सॉव्हिन्यॉ ब्लां आणि शेनिन ब्लां या वाइनच्या द्राक्षांच्या जाती लावल्या, आईच्या 'सुलभा' या नावावरून वाइन उद्योगाला 'सुला' हे नाव दिले आणि 2000 मध्ये पहिली वाइन बाजारात आणली, हे खरे आहे. मात्र शामराव चौगुले यांनी नारायणगाव येथे फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्याने उभारलेल्या इंडेज या वाइन कंपनीची फसफसती वाइन 1980 च्या दशकातच परदेशात 'ओमर खय्याम' या नावाने विकली जात होती, म्हणजे सुलाच्या कितीतरी आधी.

द्राक्षाचे म्हणाल तर खाण्याच्या द्राक्षांची बागायत नाशिकला सुलाच्या आधीपासूनच होती. शिवाय सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेस या बिनबियांच्या जातीतून निवडलेली 'तास-ए-गणेश' आणि सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांची 'सोनाका' या जाती शेतकऱ्यांनीच घडवल्या, ही बाब मला सर्वांत मोलाची वाटते. ही बिनबियांची, पातळ सालीची खाण्याची द्राक्षे आहेत. वाइनच्या वरील जातींचे मणी लहान आणि बियांचे असतात. त्यामुळे दोन्ही बागांचा इतिहास एकाच नावावर मांडता येत नाही.

कृपया जुना संदेश पुढे पाठवू नये आणि ज्या गटांत तो पाठवला असेल तेथे हा खुलासा द्यावा.