दोनशे रुपये

जुलै आला की इमारतीतले निम्मे लोक फॉर्म 16 घेऊन माझ्या दारात. मी सीए नाही, एका कंपनीत अकाउंट्स बघतो, पण भांडुपात तेवढं पुरतं. यंदा चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा आला. ॲम्ब्युलन्स चालवतो. "दादा, आमच्या लाइनला टॅक्समध्ये सूट मिळणार म्हणे? ग्रुपवर आलंय."

मेसेज वाचला. न्यूयॉर्क राज्यातला निघाला! तिथे स्वयंसेवी ॲम्ब्युलन्स कर्मचाऱ्यांना वर्षाला 200 डॉलरची करसवलत आहे. पण तो माणूस पोटापाण्याची नोकरी दुसरीकडे करतो आणि हे काम सेवा म्हणून. आपल्याकडे नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंत आयकर शून्यच आहे. याचा पगार त्याच्या पासंगालाही पुरत नाही. शून्यातून सूट काय देणार, कपाळ?

जीएसटीचंही तसंच. सप्टेंबर 2025 मध्ये ॲम्ब्युलन्सवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. चांगलंच झालं, पण स्वस्त गाडी झाली, आणि ती मालकाची.

मग त्याची पगाराची स्लिप उलटीपालटी केली. एक ओळ सापडली: व्यवसाय कर, 200 रुपये. हा कर राज्याचा. 1975 चा कायदा, तेव्हा रोजगार हमीच्या पैशासाठी आणलेला. महिना 10 हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुषाला तो लागतोच, मग पगार 15 हजार असो की दीड लाख. (बायकांना 2023 पासून 25 हजारांपर्यंत माफ आहे.) याच कायद्यात सैन्यदलातल्या लोकांना माफी आहे, अपंगांना आहे, आणि कापड गिरण्यांतल्या बदली कामगारांनाही आहे. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, बदलीवाला कायद्यात अजून शाबूत! त्याच यादीत ॲम्ब्युलन्सवाल्यांची एक ओळ घालायला दिल्लीला जायची गरज नाही.

"मग सफाई कामगारांनाही द्या," असं कोणीतरी खाली लिहिणारच. द्या की. माझी ना नाही.

वर्षाचे 2500 म्हणजे फार नाहीत, मान्य. त्याने कोणाचा संसार उभा राहत नाही. पण दोन वर्षांपूर्वी बाबांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते, लिफ्ट बंद, आणि स्ट्रेचर जिन्यात वळेना. 108 च्या ड्रायव्हरने आमचीच प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, बाबांना चादरीने बांधलं आणि डॉक्टर मॅडमबरोबर तीन मजले उतरवलं. उलटं, म्हणजे पाठ जिन्याकडे करून. बाबा तेव्हा 82 किलोंचे. मी मागून नुसता टॉर्च धरला होता.

काकूंच्या मुलाला एवढंच सांगितलं, आयकरात काही मिळणार नाही. स्लिपा गोळा करून निघाला, दारातून परत फिरला. "दादा, फेब्रुवारीत तीनशे का कापतात?"

अकरा महिने दोनशे, एक महिना तीनशे, म्हणजे 2500 चा हिशोब जुळतो. तेवढं मात्र मला सांगता आलं.